प्रति: हेडसेट स्वस्त झाले की…
हेडसेट स्वस्त झाले की व्हीआर गेमिंग (डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरून खेळायचे गेम) घरोघरी पोचेल, हे वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय ते पटत नाही. क्वेस्ट २ हा हेडसेट २०२० मध्येच २९९ डॉलरना आला होता. प्रश्न किमतीचाच असता तर तेव्हाच सुटला असता.

खरी अडचण कानात आहे. डोळे सांगतात आपण पळतोय, आतल्या कानाला ठाऊक असतं की आपण जागचे हललेलो नाही. या भांडणात पोट ढवळतं. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटांत हेडसेट काढून लिंबू हुंगत बसलो, एसटीत घाट लागल्यावर बसतात तसा! 'बीट सेबर' हा व्हीआर गेम चालला तो यामुळेच: एका जागी उभं राहून ठोकळे कापायचे, बस्स.

'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' हा व्हीआर गेम अफाट आहे, मान्य. फडताळावरच्या वस्तू हाताने बाजूला सारत काडतुसं शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. पण त्या तोडीचे गेम किती आले? गिऱ्हाईक कमी म्हणून मोठे गेम निघत नाहीत, आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक फिरकत नाही.

माझी भिस्त रेसिंग आणि विमानांच्या सिम्युलेटरवर. तिथे खेळणारा तसाही खुर्चीतच बसलेला असतो आणि कॉकपिट डोळ्यांसमोर स्थिर राहतं, त्यामुळे मळमळ बरीच कमी. माझा हेडसेट सध्या तेवढ्यासाठीच खणातून बाहेर निघतो.