कोल्ड प्रेस ज्युसर घेतलाय पण मोसंबीचा रस कडू होतोय, चोथा ओला राहतोय... काय चुकतंय?

रिटायर्ड_नाशिककर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात लेकीने बंगलोरहून कोल्ड प्रेस ज्युसर पाठवला, तुमच्या त्या पांढऱ्या मिक्सरमधला रस आता बंद करा म्हणाली. मशीन चांगलं आहे, आवाज करत नाही, हळूहळू फिरतं, खोक्यावर मिनिटाला ५० फेरे असं लिहिलंय. पहिले चार दिवस फार उत्साह होता, गाजर बीट सफरचंद आलं सगळं घालून झालं. आता तीन अडचणी आहेत.

एक म्हणजे मोसंबीचा रस. सकाळी सहाला काढतो, माझा ग्लास लगेच पितो तो गोड असतो, आणि सौ. चा झाकून फ्रीजमध्ये ठेवतो कारण ती पूजा वगैरे आटपून नऊ साडेनऊला पिते, तेव्हा तो कडूझार. ती म्हणते तुम्ही मला खराब फळं देता! एकाच फळांचा रस हो, शपथेवर सांगतो.

दुसरं, चोथा पार ओला येतो. हाताने पिळला तर अजून पाव वाटी निघतो, मग मशीनचा उपयोग काय.

तिसरं म्हणजे धुणं. रस पिऊन होतो दोन मिनिटांत आणि ती जाळी घासायला पंचवीस मिनिटं. भांडीवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी हात वर केले. मिक्सर + फडकं हेच बरं होतं का असं वाटायला लागलंय पण लेकीला सांगायची सोय नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा

काका तुमची फळं खराब नाहीत अन तुम्हीही निर्दोष आहात, काकूंना हे वाचून दाखवा :)

आमच्याकडे नागपूरला संत्र्याचंही असंच होते. मोसंबी-संत्र्याच्या बियांमध्ये आणि फोडींच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो, तो फळात असेपर्यंत कडू नसतो. रस काढला की तो रसातल्या आंबटपणात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, ते भयंकर कडू. म्हणून ताजा ग्लास गोड अन तीन तासांनी तोच रस कडू. मोसंबीत हा प्रकार जास्तच, बाजारात डबाबंद मोसंबी रस फारसा दिसत नाही त्याचं हेही एक कारण आहे.

आता तुमच्या मशीनचा दोष असा की त्यात फोडी बियांसकट जातात आणि आतला फिरणारा स्क्रू सगळं रगडतो. माझी आई अजून तो जुना अॅल्युमिनियमचा दांडीवाला प्रेस वापरते, अर्धी मोसंबी ठेवायची आणि दांडी दाबायची, तोही शेवटपर्यंत आवळायचा नाही, साल पिळली गेली की कडवटपणा उतरलाच. ज्युसरमध्येच काढायचा असेल तर साल काढताना आतला पांढरा भागही सुरीने उतरवा, फोडी उघडून बिया काढा, आणि काकूंचा ग्लास काकू आल्यावरच काढा. फ्रीजने हे थांबत नाही, फक्त उशिरा होते.

अजून एक, अर्धवट पिकलेल्या फळात कडूपणा जास्त. मृग बहाराची संत्री येतात ना फेब्रुवारी-मार्चमध्ये, ती घेऊन बघा, आंबिया बहारापेक्षा (तो ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो) मला तरी गोड लागतात.

खटपट्या

ओल्या चोथ्याचं सांगतो, माझ्याकडे तीन वर्षं आहे असलंच मशीन.

तुम्ही घाई करताय. नळीत गाजराचे तुकडे भराभर ढकलले की स्क्रूला दाबायला वेळच मिळत नाही आणि अर्धवट पिळलेला माल चोथ्याच्या तोंडातून बाहेर. एक तुकडा गेला, त्याचा आवाज बदलला की दुसरा. आणि नुसतं मऊ फळ कधी घालू नका, टोमॅटो द्राक्षं अननस असं काही घातलं की मधेमधे गाजराचा किंवा काकडीचा तुकडा टाका, तो मागून रेटतो आणि जाळी पण साफ करतो. पालक कोथिंबीर पुदिना यांच्या काड्या दोन-तीन सेंटीमीटरच्या करा नाहीतर स्क्रूला दोऱ्यासारख्या गुंडाळतात आणि मशीन कण्हायला लागतं. अडकलं तर रिव्हर्सचं बटण, जबरदस्ती नाही. माझ्या मेव्हण्याने उसाचं कांडकं घालून बघितलं होतं, स्क्रूचा दात उडाला. वॉरंटीवाल्याने विचारलं काय घातलं होतं, तर म्हणे गाजर.

आणि चोथा परत एकदा फिरवा की! डाळिंब आणि गाजराचा मी नेहमी दोनदा फिरवतो.

धुण्याचं: रस काढून झाला की प्यायच्या आधी, परत सांगतो प्यायच्या आधी, एक ग्लास साधं पाणी ओतून मशीन चालवायचं, मग जाळी नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने बाहेरून आत घासायची. चार मिनिटं. वाळल्यावर घासाल तर पंचवीस लागणारच, त्या भोकांत गाजराचा भुगा सिमेंटसारखा बसतो.

आरोग्यमस्तु_७१

सगळ्यांनी फायदे पण सांगा ना. कोल्ड प्रेसमध्ये उष्णता होत नाही त्यामुळे एन्झाइम्स जिवंत राहतात, मिक्सरमध्ये सगळं जळून जातं. आम्ही घरी रोज सकाळी दुधीचा रस घेतो, त्यात आवळा, तुळस, पुदिना. बीपी पण नॉर्मल आहे. कुणालाही विचारा, जिवंत रस आणि मेलेला रस यात फरक आहेच.

प्रयोगशाळेतली_मावशी

दुधी वाचलं म्हणून लिहायला बसले, नाहीतर नुसती वाचत होते.

७१ साहेब, रस घ्या पण दुधीचा तुकडा आधी जिभेवर ठेवून बघताय ना? काकडी, दुधी, दोडका या कुळात कुकुरबिटासिन नावाचं द्रव्य असतं, एरवी अगदी थोडं, पण एखादा दुधी कडू निघाला तर त्यात ते भरपूर असतं आणि ते विष आहे. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला होता, त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांचा सल्ला साधा आहे: रस काढण्यापूर्वी तुकडा चाखा, कडू लागला तर अख्खा दुधी फेका, आणि दुधीचा रस इतर रसांत मिसळू नका. मिसळू नका कारण आवळा, पुदिना, तुळस घातली की कडूपणा कळतच नाही, म्हणजे तुमची रेसिपी नेमकी तीच आहे जी करू नका म्हणतात. प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय नकोत, सरळ हॉस्पिटल. यावर उतारा नाही, सलाईन लावून सांभाळतात फक्त. भाजी कडू लागली तर माणूस पहिल्या घासाला थांबतो, रस मात्र औषध म्हणून नाक धरून अख्खा ग्लास संपवतो, धोका तिथे आहे.

आता उष्णतेचं. मिक्सर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो हे खरं, पण एक मिनिट फिरवून भांड्याला हात लावून बघा, कोमट तरी होतं का. एवढ्याने काही जळत नाही. फरक पडतो तो हवेने, मिक्सर रसात हवा घुसळतो म्हणून फेस येतो, सफरचंद लगेच तपकिरी पडतं आणि क व्हिटॅमिन हळूहळू कमी होतं. लगेच पिणार असाल तर त्याने फार बिघडत नाही. फळातल्या एन्झाइम्सचं म्हणाल तर ती प्रथिनंच, पोटात गेली की बाकी प्रथिनांसारखी पचतात, जिवंत राहून तिथे काही काम करत नाहीत. दुकानातली बाटली पंधरा दिवस टिकते ती कोल्ड प्रेसमुळे नाही, ती बाटलीसकट प्रचंड दाबाखाली धरतात म्हणून. घरचा रस काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, लिंबू पिळून फ्रीजमध्ये फार तर एक दिवस.

रिटायर्ड काका, तुम्हाला शुगर आहे का ते लिहिलं नाहीत. ग्लासभर मोसंबी रसाला तीन-चार फळं लागतात आणि वीस-पंचवीस ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेतच मोजते. आणि मुतखड्याचा त्रास असेल तर कच्च्या पालकाचा रस रोज नको, त्यातल्या ऑक्सॅलेटमुळे, त्याचेच खडे बनतात.

आरोग्यमस्तु_७१

दुधीचं माहीत नव्हतं. उद्यापासून चाखून घेतो आणि आवळा वेगळा. एन्झाइम्सबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

बोरूबहाद्दर

मला हसू येतं हो, कोल्ड प्रेस म्हणून तीनशे रुपयांची बाटली घेतात आणि महाराष्ट्रात गल्लोगल्ली कोल्ड प्रेस चालू आहे त्याकडे बघत नाहीत. रसवंती! दोन लाटांमधून ऊस दाबून काढायचा, उष्णता नाही, पातं नाही, अजून काय पाहिजे. कुठल्याही एसटी स्टँडबाहेर बघा, कानिफनाथ नाहीतर नवनाथ, पाटीच ठरलेली. ती नावं पुरंदर तालुक्यातल्या बोपगावच्या माणसांनी आणली असं सांगतात, कानिफनाथांचा गड तिथलाच. आणि चरकाला ते घुंगरू. आमचे आजोबा सांगायचे की आधी लाकडी चरक बैल ओढायचे, घुंगरं बैलांच्या गळ्यात असायची, बैल गेले मोटार आली पण आवाजाशिवाय गिऱ्हाईक फिरकेना म्हणून घुंगरं चाकाला बांधली. खरंखोटं त्यांनाच माहीत.

तिथेही नियम तोच, डोळ्यासमोर काढलेला प्यायचा, आलं लिंबू टाकून, बर्फ नको सांगून. जगमधला काळपट पडलेला घ्यायचा नाही.

सुगरण_बिगरण_नाही

चोथा कोणी फेकत तर नाही ना?? मला त्या मशीनपेक्षा चोथाच आवडतो. गाजर-बीटाचा चोथा थालीपीठात, भाजणी दोन वाट्या तर चोथा एक वाटी, कांदा कोथिंबीर तिखट मीठ, पाणी जवळजवळ लागतच नाही. चोथ्याला स्वतःची चव राहिलेली नसते म्हणून जिरं आणि ओवा जरा हात सोडून घाला. फक्त ज्या दिवशी आलं आणि ओली हळद त्यातच पिळलीय त्या दिवशी नको, मी एकदा केलं, नवरा म्हणाला हे थालीपीठ आहे की काढा.

ओल्या नारळाचे पातळ काप आणि कोमट पाणी आलटून पालटून घातलं तर नारळाचं दूध मस्त निघतं, सोलकढीसाठी आता मी पिळत बसत नाही. केळं, चिकू, आंबा मात्र घालू नका, रस निघत नाही नुसता लगदा अडकतो. आमरस हातानेच.

आणि बीट प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी लाल दिसलं तर घाबरू नका. माझ्या सासूबाईंनी डॉक्टरांना फोन लावला होता.

रिटायर्ड_नाशिककर

सगळ्यांचे आभार. मावशी, शुगर मला नाही पण सौ. ची काठावर आहे, ते लिहायचं राहिलं. त्यामुळे तिचा मोसंबी रसच बंद, आता ती अख्खी मोसंबी सोलून खाते आणि म्हणते आधीपासून हेच तर म्हणत होते (म्हणत नव्हती). माझ्यासाठी माळ्यावरून जुना दांडीवाला प्रेस काढला, बिजागरीला गंज होता, चिंच लावून घासला. मुद्दाम अर्धी वाटी रस झाकून ठेवला आणि दुपारी चाखला, कडू होताच पण मशीनच्या मानाने निम्मा. म्हणजे वऱ्हाडी भाऊ बरोबर.

गाजर एकेक तुकडा घालून बघितलं, चोथा भुशासारखा कोरडा आला. थालीपीठं झाली. लेकीला फोटो पाठवला, तिला वाटलं ज्यूसबरोबर नाश्ता, आम्ही काही बोललो नाही.

एकच राहिलं, ओल्या हळदीने आतली ती रबराची रिंग पिवळीधम्मक झालीय, साबणाने हलत नाही. लेक दिवाळीला येणार आहे.

खटपट्या

तेलाचा हात लावून पुसा आणि उन्हात ठेवा दोन-तीन दिवस. हळदीचा डाग उन्हाने उडतो. गच्चीवर ठेवाल तर ताटलीत दाबून ठेवा, माझी कावळ्याने नेली होती.