सतार-गिटार चालतं, मग ख्यालाच्या मैफलीत लावणी का नको?

षड्जवेडा: सतार आणि गिटारची जुगलबंदी असली की आपले जाणकार तिकीट काढून जातात, "काय प्रयोग आहे" म्हणतात, पण रागदारीतला ख्याल झाल्यावर कुणी बैठकीची, म्हणजे बसून गायची लावणी घेतली की लगेच पातळी घसरली. सरमिसळीला कुणाचाच विरोध नसतो हो, कुणाशी करताय यावर सगळं ठरतं. वरच्याकडून घेतलं तर श्रीमंती, खालच्याकडून घेतलं की बाटलो. लावणी कोल्हाटी जातीच्या बायकांनी जगवली, ते अजून खुपतं लोकांना.

तानपुरा: नाही पटलं, सगळं जातीवर नेऊ नका. पेटी तर साहेबांच्या युरोपातून आली, म्हणजे तुमच्या हिशोबाने वरची, तरी रेडिओवर 1940 पासून 1971 पर्यंत बंदीच होती ना तिच्यावर? कारण सुराचं होतं, पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही. तसंच ख्यालाला ठेहराव, म्हणजे सुरावर थांबून निवांत मांडणी, लागतो, तो लावणीत नाही.

षड्जवेडा: फक्त सुराचं नव्हतं, परदेशी बाजा म्हणूनही राग होता. म्हणजे उतरंड तिथेही होतीच, फक्त उलटी.

कृष्णाकाठ: ठेहराव नाही?? बैठकीची लावणी ऐकलीय का कधी, एकच ओळ घेऊन बाई बसल्या जागी किती वेळा वेगवेगळी अदा करते ते? ठुमरी या हलक्या शास्त्रीय प्रकारात हेच करतात आणि ठुमरी पण तवायफांनीच, म्हणजे कोठ्यावर गाणाऱ्या बायकांनीच वाढवली, ती मैफलीच्या शेवटी बरी चालते. आणि लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली थेट 2012 ला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

नाट्यरसिक: किर्लोस्करांच्या शाकुंतल या संगीत नाटकात 1880 ला साकी, दिंडी अशा जुन्या पद्यप्रकारांच्या आणि लावणीच्या चाली होत्याच की. पुढे 1916 ला स्वयंवर नाटकाला गायक भास्करबुवा बखल्यांनी रागदारी चाली दिल्या आणि आता लोकांना तेवढंच अस्सल वाटतं.

तानपुरा: नाटकाची गरज वेगळी, मैफलीची वेगळी. प्रत्येक घराण्याने काहीतरी नाकारलं म्हणून त्याची गायकी उभी राहिली, नाकारणं म्हणजे तुच्छ मानणं नव्हे.

ढोलकीफड: मला तर दोघांचंही पटत नाही. लावणीला आत घ्या म्हणणारे आधी ढोलकी काढून तबला लावतात, शृंगाराच्या ओळी गाळतात, बाईला अदा करू देत नाहीत आणि मग म्हणतात बघा किती दर्जेदार झाली. अशी सरमिसळ नको आम्हाला. घ्यायची तर ढोलकीसकट घ्या, गाणारीला मुख्य कलाकाराइतकंच मानधन द्या, मग बोलू.