बोर्दोसाठी दोन दिवस पुरतील का?

फ्रान्समधल्या या वाइनसाठी प्रसिद्ध शहराला दोन दिवस पुरतील, पण दोन्ही दिवस आसपासच्या द्राक्षमळ्यांत घालवू नका, असं मनापासून सांगेन. तुम्ही म्हणता की शहरात मुक्काम फक्त झोपण्यापुरता. तिथेच चूक होतेय. गारोन नदीच्या वळणावर वसलेलं हे बंदर २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहे. पिवळसर चुनखडीच्या दगडातल्या अठराव्या शतकातल्या इमारती, आणि प्लास द ला बूर्स या चौकासमोर पाण्याचा तो पातळ आरसा! संध्याकाळी दिवे लागल्यावर तिथे जाच. या वैभवामागे वाइनइतकाच गुलामांचा व्यापार आणि वसाहतींतली साखरही होती. आकितेन संग्रहालयात ते सगळं स्पष्ट मांडलंय. मुलं बरोबर असतील तर आवर्जून न्या.

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून टीजीव्ही ही वेगवान ट्रेन दोन तासांच्या आसपास पोचवते.

दुसऱ्या दिवशी सेंतेमिल्यों हे जवळचं वाइनचं गाव. मेदोक या वाइनच्या भागातल्या बड्या शातोंपेक्षा (म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांपेक्षा) पहिल्या भेटीला मला तेच बरं वाटतं, कारण गाव पायी फिरता येतं. लोकल ट्रेनने पाऊण तासाच्या आत पोचाल, पण स्टेशन गावाबाहेर आहे, मळ्यांमधून वीसेक मिनिटं चालायची तयारी ठेवा. अखंड खडकात कोरलेलं तिथलं चर्च बघताना वेरूळ आठवल्याशिवाय राहत नाही. आत फक्त गाइडबरोबरच सोडतात, म्हणून वेळ आधी राखून ठेवा. शातोंचंही तसंच, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी चालू असताना.

आणि कानले हा इथला छोटा केक खायला विसरू नका. मात्र त्यात अंडं आणि रम असते, घरच्यांना आधी सांगा.