बातमीचा व्हिडिओ ‘सरकारी आदेशाने’ भारतात बंद: दाद कुठे मागायची?

बोरूबहाद्दर
तालुका पातळीवरच्या यूट्यूब चॅनेलचा व्हिडिओ भारतात दिसेनासा झालाय. विषय पाण्याच्या टाकीचं टेंडर. यूट्यूबच्या मेलमध्ये कलम नाही, आदेशाची प्रत नाही. दाद कुठे मागायची? काहीजण म्हणतात, आरएनआय (वृत्तपत्र नोंदणीचा) नंबर असता तर हात लावला नसता. खरं का?

कलम_एकोणऐंशी
आधी आदेश कुठल्या दाराने आला ते बघा. व्हिडिओच्या जागी ‘राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था’ असं दिसत असेल तर बहुधा माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ. त्यातली कारणं मोजकी आहेत: सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रसंबंध, सुव्यवस्था वगैरे. टेंडर किंवा कुणाची बदनामी त्यात बसत नाही.

म्हणून गावपातळीवरची प्रकरणं सहसा दुसऱ्या दाराने येतात, त्याच कायद्याचं कलम ७९(३)(ब). यात प्लॅटफॉर्मला कळवलं जातं. त्याने ऐकलं नाही तर लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासूनचं त्याचं कायदेशीर कवच जातं. तुमच्या टाकीसाठी यूट्यूब ते पणाला लावणार नाही. पण १५ नोव्हेंबर २०२५ पासून पोलिसांची अशी सूचना उपमहानिरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला देता येत नाही. नुसतं ठाण्याच्या निरीक्षकाच्या सहीचं पत्र असेल तर तिथेच बोट ठेवा.

तालुका_डेस्क
माहिती अधिकारात अर्ज टाका, आदेशाची प्रत मिळेल.

कलम_एकोणऐंशी
६९अ असेल तर नाही मिळणार. २००९ च्या ब्लॉकिंग नियमांतला नियम १६ गोपनीयतेचा आहे, तोच तोंडावर फेकतात. त्यापेक्षा नियम ८ धरा. त्यात मजकूर टाकणाऱ्याला ‘किंवा’ मध्यस्थाला (म्हणजे प्लॅटफॉर्मला) नोटीस द्यायची आहे, किमान ४८ तासांची. या एका ‘किंवा’चा फायदा घेऊन नोटीस फक्त यूट्यूबला जाते. पण श्रेया सिंघल निकालात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की मजकूर टाकणारा ओळखता येत असेल तर त्यालाही ऐकायला हवं. चॅनेलवर नाव-संपर्क असेल तर ‘सापडले नाहीत’ म्हणता येत नाही. नियम ९ च्या तातडीच्या आदेशात मात्र आधी नोटीस नसते. प्रकरण ४८ तासांत याच नियमांखालच्या तपासणी समितीपुढे न्यावं लागतं.

हॅशवाला
वकिलाकडे जाण्याआधी: मेल फॉरवर्ड करून भागत नाही, हेडरसकट (कुठून-कधी आला याच्या तांत्रिक नोंदीसकट) मूळ स्वरूपात उतरवून ठेवा. यूट्यूब स्टुडिओतून डाउनलोड केलेला व्हिडिओ कॉम्प्रेस झालेला असतो, म्हणून एडिटिंगमधून निघालेली फाइल शोधा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा, फाइलवरूनच निघणारा कोड) काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. तोच व्हिडिओ नवं नाव देऊन परत चढवू नका. पुढचा आदेश एका लिंकवर न थांबता चॅनेलवर यायला आयतं निमित्त मिळतं.

आरएनआयचं म्हणाल तर तो (आता पीआरजीआय) छापील नियतकालिकांसाठी. डिजिटल बातम्यांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतला नियम १८: माहिती व प्रसारण मंत्रालयाला तपशील कळवणं. ती परवानगी नाही आणि ढालही नाही.

बोरूबहाद्दर
आणि ‘पीआयबीने (केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाने) फेक म्हटलंय’ म्हणून काढायला लावलं तर?

कलम_एकोणऐंशी
तेवढ्यावर सक्ती नाही. सरकारबद्दलचा मजकूर खोटा ठरवणाऱ्या फॅक्ट चेक युनिटची तरतूद मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. तुमचा मार्ग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. सांगली-साताऱ्याकडचे असाल तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईची फेरी वाचेल. प्रतिवादींत गूगलला धरा, आदेश कुणाचा हे निदान त्यांच्या उत्तरातून तरी बाहेर येतं.