मदत हवी आहे: होंडा सिटी व्हीटेक (२००२) तापते, हेड उतरवू द्यावं का?

जोगेश्वरीकर
मंडळी, शनिवारी साताऱ्याला निघायचंय, तेव्हा जरा लवकर सांगा. गाडी तापतेय. मेकॅनिकने रेडिएटर साफ करून दिला, कूलंट बदललं, तरी तेच. आता म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल. खर्च मोठा आहे. गाडी बाबांची आहे, विकायची नाही. उतरवू द्यावं का?

गिरगावचा गिअर
तापते म्हणजे कधी? पळताना की उभी असताना? कूलंट कमी होतं का? सायलेन्सरमधून पांढरा धूर? हे कळल्याशिवाय हेडबद्दल कुणी काही सांगू शकणार नाही.

व्हीटेकप्रेमी
दादा, ही गाडी जपा! १५०० सीसीत १०६ बीएचपी, तेही ६८०० आरपीएमला. २००३ मध्ये पुढची सिटी, म्हणजे डॉल्फिन, आली, तिच्या आय-डीएसआय इंजिनला ७७ बीएचपी होते. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलला की जो आवाज येतो, तो आजच्या टर्बोत ऐकायला मिळत नाही.

जोगेश्वरीकर
धन्यवाद, पण आधी शनिवारचं बघू. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ट्रॅफिकमध्ये तापली, काल सायन सर्कलला तापली. ईस्टर्न फ्रीवेवर पळताना तापमानाचा काटा अर्ध्याच्या खालीच असतो. धूर नाही. कूलंट फारसं कमी होत नाही.

मुलुंडचे अण्णा
थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाका. माझ्या मारुती एस्टीमचा काढला, परत कधी काटा चढला नाही. मुंबईत थंडी पडते कुठे? तो पार्ट आपल्याकडे लागतच नाही.

गिरगावचा गिअर
अण्णा, कृपा करून हा सल्ला देऊ नका. थर्मोस्टॅट ७८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तो नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल सोडतो. ॲव्हरेज पडतं आणि ते पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. शिवाय थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर गाडी फ्रीवेवरही तापली असती.

मुलुंडचे अण्णा
तुम्ही पुस्तकातलं सांगता, मी चालवलेलं सांगतोय. एस्टीम विकेपर्यंत धडधाकट होती.

गिरगावचा गिअर
एस्टीमचं एस्टीमपाशी. इथे प्रश्न सिटीचा आहे.

पनवेल एक्स्प्रेस
आरटीओ पासिंग (फिटनेस तपासून नोंदणीचं नूतनीकरण) झालंय का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं, ग्रीन टॅक्स वेगळा. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क १०,००० झालंय. त्यापेक्षा नवी घ्या.

व्हीटेकप्रेमी
विकायची नाही असं त्यांनी वरच लिहिलंय.

पनवेल एक्स्प्रेस
दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली, ते बघा.

व्हीटेकप्रेमी
तो नियम दिल्ली-एनसीआरचा. मुंबईत फिटनेस पास झाली की गाडी चालवता येते.

कुर्ल्याचा पाना
मी बरीच वर्षं होंडावर काम करतोय. पळताना थंड आणि उभी राहिली की गरम, म्हणजे आधी फॅन बघायचा. पळताना समोरून वारा लागतो, तिथे फॅनची गरज नसते. सिग्नलला सगळं फॅनवर असतं. हेड गॅस्केट गेलं असतं तर कूलंट उडालं असतं, चढावर जास्त तापली असती. एक सांगा, एसी चालू असताना तापते की बंद असताना?

जोगेश्वरीकर
तापते म्हणून एसी बंदच ठेवतोय.

कुर्ल्याचा पाना
तिथेच गोम असणार. पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवा, एसी बंद, बोनेट उघडं. काटा अर्ध्याच्या वर सरकला की रेडिएटरमागचा फॅन फिरतो का बघा. फिरला नाही तर लगेच एसी लावा. एसीवर दोन्ही फॅन चालू होतात. फिरले आणि काटा खाली आला, तर मोटर चांगली आहे, फॅन स्विच (कूलंट तापलं की फॅन चालू करणारा) गेलाय. रेडिएटरची कॅप गरम असताना उघडू नका, हात भाजतो.

ठाण्याची स्वाती
माझ्या जुन्या बलेनोत ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने फ्युएल पाइप नरम पडला होता. तोही तपासा. वास येत असेल तर वाट बघू नका.

मुलुंडचे अण्णा
ई२० चा वेगळा धागा काढा, मलाही विचारायचंय.

जोगेश्वरीकर
आत्ताच बघून आलो. एसी बंद असताना काटा पाऊणवर गेला तरी फॅन जागचा हलला नाही. एसी लावला आणि दोन्ही फिरायला लागले, थोड्याच वेळात काटा अर्ध्यावर. म्हणजे हेड नाही?

कुर्ल्याचा पाना
हेडला हात लावू देऊ नका. आता एवढं करा: इंजिन बंद करून थंड होऊ द्या. थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या हाउसिंगजवळ दोन पिनचा फॅन स्विच आहे, त्याचा कनेक्टर काढा. चावी ऑनला ठेवून, इंजिन चालू न करता, कनेक्टरच्या दोन्ही पिना वायरच्या तुकड्याने जोडा. फॅन फिरला की रिले आणि वायरिंग ठीक, दोष स्विचचाच.

जोगेश्वरीकर
फिरला!! वायर लावली की सुरू, काढली की बंद. स्विच कुठे मिळेल?

गिरगावचा गिअर
ऑपेरा हाऊसच्या स्पेअरच्या दुकानांत विचारा, जुना स्विच नमुन्याला सोबत न्या. कुर्ल्याला सीएसटी रोडवर काढीव (जुन्या गाडीतून काढलेला) मिळेल, पण हा पार्ट नवाच घ्यावा.

कुर्ल्याचा पाना
बरोबर, नवाच. स्विचची ओ-रिंग (रबरी रिंग) सुद्धा नवी लावा. स्विच काढताना कूलंट सांडेल, ते भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचा बोल्ट सैल करून बुडबुडे जाईपर्यंत थांबा. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. माहीत नसेल तर साताऱ्याच्या आधी बदला, पंपासकट.

जोगेश्वरीकर
बाबांना विचारतो. बिलं त्यांनी फाइलला लावून ठेवली आहेत.