आईच्या सांभाळावरून भावंडांत टोकाचं भांडण, मार्ग सुचवा (मदत हवी आहे)

अबोली

नमस्कार मंडळी. लांबलचक होणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं लिहितेय.

आई ७९ वर्षांची. साताऱ्याच्या आमच्या घरात थोरल्या भावाकडे, दादाकडे असते. मी मधली, पुण्यात नोकरी करते. धाकटा न्यू जर्सीला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेले तेव्हा मृत्युपत्र केलेलं नव्हतं, त्यामुळे प्रॉपर्टी कार्डावर आई आणि आम्ही तिघं अशी चार नावं लागली. आईला बाबांचं कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते दादा काढून आणतो.

आईला अल्झायमर आहे. दुपारपर्यंत बरी असते. कोथिंबीर निवडते, जुन्या शेजारणींची नावं सांगते. दिवेलागण झाली की पदराच्या गाठीत बिस्किटं बांधते आणि दारात उभी राहून म्हणते, "मला घरी सोडा, पोरं वाट बघत असतील." असते मात्र स्वतःच्याच घरात.

धाकट्याचा व्हिडिओ कॉल नेमका त्याच सुमाराला येतो, कारण त्याची तेव्हा सकाळ असते. फोनवर आई रडते. "सून जेवायला देत नाही. माझ्या पाटल्या काढून घेतल्या." पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, मी स्वतः बघितल्यात. पण सात समुद्रापार बसलेल्या मुलाला आईचे डोळे दिसतात, लॉकर दिसत नाही. तो कौटुंबिक ग्रुपवर वाट्टेल ते लिहितो. दादा उलट लिहितो, "घेऊन जा मग आईला, विमानतळावर आणून सोडतो." परवा वहिनी ग्रुपमधून बाहेर पडल्या. गणपतीला कोणी कोणाकडे जायचं यावरही आता बोलणं बंद आहे.

दादाचं म्हणणं, एकतर आईला चार-चार महिने वाटून घ्या, नाहीतर घर माझ्या नावावर करा. आम्ही दोघांनी हक्कसोडपत्र द्यायचं आणि आईच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायचं. धाकटा म्हणतो, ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दादावर केस टाकतो, वकील बघून ठेवलाय. मामांना मध्ये घातलं तर ते म्हणाले, मुलीने माहेरच्या भांडणात पडू नये.

मी आईला माझ्याकडे आणून बघितलं. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्री तिला बाथरूम सापडेना. लॅच उघडून जिन्यात जाऊन बसली होती.

मला दादाही हवाय, धाकटाही हवाय. पण आधी आईची फरफट थांबायला हवी. यातून कोणी गेलं असेल तर कृपया सांगा, सुरुवात कुठून करू?

सिस्टर

वृद्धांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगते.

कॉलची वेळ आधी बदला. या आजारात संध्याकाळी बेचैनी वाढते, बहुतेक घरांत हेच दिसतं. धाकट्या भावाला आई रोज तिच्या सगळ्यात वाईट तासात दिसतेय. आपल्याकडे सकाळी आठला फोन लावला तर तिकडे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा होतात. त्याला जमण्यासारखं आहे. न्याहारी झालेली, वेणी घातलेली आई त्याला दिसू दे.

"जेवायला देत नाही" आणि "चोरलं" ही दोन वाक्यं या आजारात घरोघरी ऐकू येतात. जेवल्याचं आठवत नाही, म्हणून जेवण मिळालंच नाही. वस्तू सापडत नाही, म्हणून कोणीतरी नेली. आणि आळ येतो तो कायम जवळ असणाऱ्या माणसावरच, कारण दुसरं कोणी समोर नसतंच. हे तुमच्या तोंडून नको. आईच्या डॉक्टरांशी धाकट्या भावाचं एकदा व्हिडिओवर थेट बोलणं करून द्या. म्हणजे वहिनींची बाजू कोणी घेतली असं होणार नाही. तरीही वजन घटतंय का ते दर महिन्याला बघून लिहून ठेवा. खरोखर आबाळ होत असेल तर तिथे दिसते.

अचानक एक-दोन दिवसांत भ्रम फार वाढला तर लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या बायकांत लघवीच्या जंतुसंसर्गाने असं होतं आणि घरच्यांना वाटतं आजारच पुढे गेला.

चार-चार महिन्यांची पाळी मात्र अजिबात नको. तिला उरलीसुरली ओळख त्या घराच्या भिंतींची आहे. माणसांनी पाळ्या कराव्यात, आईने नाही.

थोरली सून

अबोलीताई, राग मानू नका. तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत. दादा काय म्हणतो आलं, धाकटा काय म्हणतो आलं, मामासुद्धा आले. वहिनींचं एक वाक्य नाही त्यात. त्या फक्त ग्रुपमधून बाहेर पडताना दिसल्या.

माझ्या सासूबाई माझ्याकडे होत्या. पहाटे तीनला ओली चादर ओढून काढायची, त्यांना कूस बदलायला लावायची, तोवर त्या हाताला चिमटे काढतात कारण आपण कोण हे त्यांना कळत नाही. सहाला डबे. आणि सकाळी मोबाईलवर दिराचा मेसेज, "आईची काळजी नीट घेतली जावी ही अपेक्षा." त्या एका "अपेक्षा" शब्दाने मी जेवढी रडले तेवढी चिमट्यांनी नाही.

लोक म्हणतात घरासाठी करतात. नुसत्या घरासाठी हे कोणी करू शकत नाही. पण सगळं करूनही उद्या चार वाटे सारखेच पडणार, ही बोचणी असते आणि ती खोटी नाही. दादा घर मागतोय, पण माझ्या मते त्याला आधी कोणीतरी कबूल करायला हवंय की जे चाललंय ते काम आहे.

म्हणून वहिनींना फोन करून "तुम्ही किती करता हो" म्हणू नका. असं सगळेच म्हणतात. "येत्या शुक्रवारी रात्री मी येते, रविवारपर्यंत मी बघते, तुम्ही दोघं कुठेही जा" असं म्हणा आणि खरंच जा. तिथे गेल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात डबे हलवू नका, औषधांच्या वेळांवर शेरे मारू नका. दुसरं म्हणजे रात्रीसाठी ब्युरोची बाई. तिचे पैसे तुम्ही आणि धाकट्याने भरायचे. दादाने मागावे लागू नयेत, एक तारखेला जमा व्हावेत.

कोर्टकचेरी

कायद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण दोन्ही भाऊ चुकीच्या हत्यारांना हात घालताहेत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे चालतो. तो आईने स्वतः करायचा असतो, ती असमर्थ असेल तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा कायद्यात महिना १०,००० रुपये आहे. आणि जबाबदारी सगळ्या मुलांवर येते, लेकींवरही. म्हणजे धाकट्या बंधूंनी दादावर अर्ज टाकला तर नोटीस त्यांना स्वतःलाही निघू शकते. टाकून दिलेल्या, उपाशी ठेवलेल्या आईबापांसाठी हा कायदा मोलाचा आहे. तुमची आई सांभाळली जातेय. इथे अर्ज पडला तर जो सांभाळतोय तोच आरोपी होईल आणि त्या दिवसापासून त्या घरात आईला प्रेमाने भरवणारं कोणी उरणार नाही.

आता दादाचं बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त म्हणून हा रस्ता कोणीही सुचवतं. पण करून देणाऱ्याला आपण काय करतोय हे कळत असलं पाहिजे. अल्झायमरचं निदान कागदावर असताना आईची सही किंवा अंगठा घेतलात, तर तो दस्त दिवाणी कोर्टात आयुष्यभर लोंबकळत राहील. मुखत्यारपत्राचंही तेच, देणाऱ्याची समज गेली की ते संपतं. आईच्या हिश्श्याचा व्यवहार करणं खरोखर गरजेचं झालं तर उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिलेले आहेत, पण वेळ आणि खर्च दोन्ही लागतात.

तुमच्या दोघांच्या हक्कसोडीबद्दल. तुमचे स्वतःचे हिस्से तुम्ही सोडू शकता, तुमची मर्जी. पण "सांभाळलं नाही तर दस्त रद्द" ही २००७ च्या कायद्यातली कलम २३ ची तरतूद ज्येष्ठ नागरिकाने स्वतः दिलेल्या मालमत्तेला लागते. तुम्ही भावाला सोडलेल्या हिश्श्याला ती लागणार नाही. म्हणून घाईने सही करू नका, आणि "काही मिळणार नाही" असंही तोंडावर बोलू नका.

एडिसनकर

धाकट्याच्या बाजूने दोन शब्द, तो वाईट माणूस वाटू नये म्हणून. परदेशात बसून रडणारी आई स्क्रीनवर बघणं फार कठीण असतं. हात पोचत नाहीत म्हणून जीभ सुटते.

आमच्या घरी ज्या गोष्टीने फरक पडला ती सांगतो. वडिलांच्या वेळी धाकट्या बहिणीने रजा काढून येऊन त्यांना पूर्णपणे एकटीने सांभाळलं, आणि थोरला भाऊ-वहिनी तेवढे दिवस कोकणात गेले. पाहुणी म्हणून नाही आली. औषधं, आंघोळ, रात्रीची जागरणं सगळं तिच्याकडे. ते दोघं परत आल्यावर तिने हिशोब मागणं बंद केलं आणि भावाने ऐकवणं बंद केलं. तुमच्या भावाला पुढच्या सुट्टीत हॉटेलात उतरू देऊ नका, आणि दादा-वहिनींना घरात थांबू देऊ नका.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. थोरली सून, तुमचं पोस्ट वाचून मी वहिनींना फोन केला. येत्या शुक्रवारी जातेय. वहिनी सुरुवातीला काही बोलल्याच नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईलाही गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, मला जाताच आलेलं नाही." हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

एक अडचण आहे. दादाने दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्रासाठी पुढच्या महिन्यातली वेळ घेऊन ठेवलीय. त्याला थांबवायचं कसं? मी बोलले तर "तुझा डोळा हिश्श्यावर" होणार. आणि तिघांना एका जागी बसवणार कोण? मामा तर नकोच.

कोर्टकचेरी

"करू नकोस" म्हणू नका. त्याच्याच भल्याचं आहे ते सांगा: आज केलेला दस्त उद्या धाकट्याने कोर्टात नेला तर घर तुझ्याही हातात राहणार नाही, ना विकता येणार ना कर्ज मिळणार. हेच त्याच्या ओळखीच्या वकिलाकडून त्याला ऐकू दे.

तिऱ्हाईत म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात कार्यालय आहे. दावा दाखल नसतानाही मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते. धाकटा व्हिडिओवरून सामील होऊ शकेल का ते तिथे विचारा. लोकअदालतीत तडजोड नोंदवली गेली तर तिला हुकूमनाम्याचा, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाचा दर्जा असतो. आधी कोणाशी नुसतं बोलायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे.

बैठकीत घर आणि सांभाळ हे दोन विषय एका दिवशी घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त आई: रात्रपाळीची बाई, डॉक्टर, खर्च, वहिनींच्या सुट्ट्या. निवृत्तिवेतन आणि तुम्हा दोघांचे पैसे एकाच खात्यात, खर्च त्यातूनच, पासबुकाचा फोटो महिन्याला एकदा तिघांना. हिशोब मागायची वेळच येऊ नये. घराचं नंतर. तिथे तुम्ही दोघांनी तुमच्या वाट्यातलं काही दादाला जास्त द्यायची तयारी असेल तर तसं सांगा. आईच्या वाट्याबद्दल आज कोणी काही लिहून देऊ नये, तिच्या हयातीत मुलांना त्यावर हक्कच नाही.

सिस्टर

त्या बैठकीला वहिनींना खुर्ची हवी. चहा देणारी म्हणून नाही, पहिली बोलणारी म्हणून. आणि आईसमोर यातलं काही नको. तिला शब्द कळत नसतील, आवाज चढलेला कळतो.

अबोली

दादाशी काल बोलणं झालं. घराचा विषय मी काढला नाही, त्याने काढला. मी म्हटलं, मला आणि धाकट्याला मान्य आहे की तुमचं दोघांचं जास्त आहे आणि ते वाटणीत दिसायला हवं, पण आईचा अंगठा नको. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, वकिलाला विचारतो. निबंधकाकडची वेळ अजून रद्द केलेली नाही. धाकट्याने कॉल सकाळवर आणलाय. पहिल्याच दिवशी आईने त्याला नावाने हाक मारली, असं त्याने ग्रुपवर लिहिलं. वहिनी ग्रुपवर नाहीत, म्हणून मी तो मेसेज त्यांना वेगळा पाठवला.

सोमवारी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायला जाणार आहे. सातारा शहरात विसराळूपणाच्या रुग्णांचा अनुभव असलेली, रात्री थांबणारी बाई किंवा खात्रीचा ब्युरो कोणाला माहीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. शक्यतो जवळपास राहणारी हवी, आईला उचलून बसवता यायला हवं.