मटेरियल सायंटिस्टचं काम एच-इंडेक्सवरून मोजायचं का?

गंजका खिळा:
मागे एका निवड समितीत बसायचा योग आला. विषय मटेरियल सायन्स, उमेदवार सहा, आणि पहिल्या दहा मिनिटांत तिघं बाद, कारण काय तर एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि त्यांचे इतरांनी दिलेले संदर्भ (सायटेशन्स) यांवरून काढलेला आकडा, कमी. पेपर कुणी उघडलासुद्धा नाही. बाद झालेल्यांत एकीचं काम क्रीपवर होतं, म्हणजे तापलेला धातू सततच्या भाराखाली हळूहळू कसा ताणत जातो ते. पॉवर प्लँटच्या स्टीलसाठी असल्या टेस्ट एक-एक लाख तास चालवतात, हिशोब करा, अकरा वर्षांच्या वर जातं. तेवढ्यात शेजारच्या लॅबवाल्याचं ग्राफीन करून झालं, पेरोव्हस्काइट करून झालं, आता एमएक्सीन चालू आहे, सगळी त्या त्या वेळची फॅशनमधली मटेरियल्स, आणि प्रत्येक लाटेत सायटेशन्सचा पाऊस. माझं म्हणणं एवढंच की हा आकडा माणूस कुठल्या लाटेवर बसलाय ते सांगतो, पोहता येतं का ते नाही. मारा दगड.

आकडेमोडे:
मारतोच. आकडा नको तर मग काय हवं? "आमच्या सरांचा विद्यार्थी आहे, हुशार आहे" हे? ते दिवस बघितलेत मी. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एच-इंडेक्स काढला तो उगाच नाही. एच २० म्हणजे किमान २० पेपर असे की प्रत्येकाला किमान २० सायटेशन्स. एका गाजलेल्या पेपरवर जन्मभर मिरवता येत नाही आणि कुणी न वाचलेले शंभर पेपर छापूनही वाढत नाही. ओळख नसलेल्या, वशिला नसलेल्या पोराकडे दाखवायला तेवढंच असतं हो.

गंजका खिळा:
वशिल्याचं मान्य. पण त्याच हर्शने २०२० मध्ये लिहिलं की हा आकडा सपशेल फसू शकतो आणि त्याचे दुष्परिणाम होतात, ते पण सांगा की. पेपरवर बारा नावं असली तरी बाराही जणांना पूर्ण क्रेडिट. रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, लिहिला की मूळ प्रयोगापेक्षा जास्त सायटेशन्स. आणि १९९६ चा पीबीईचा पेपर घ्या, चार पानांचा, लाखाच्या वर सायटेशन्स. काम जबरदस्तच आहे, वादच नाही, पण त्यातलं सूत्र वापरून आज कुणीही डीएफटी, म्हणजे पदार्थाचे गुणधर्म काढायचं कॉम्प्युटरवरचं गणित, चालवली की सवयीने तो टाकतो, वाचलेला असो नसो. ती पान्ह्याला मिळालेली पावती आहे.

आकडेमोडे:
मग पान्हा बनवणाऱ्याला पावती नको? लाख लोकांनी वापरला हाच तर इम्पॅक्ट!

खवचट काकू:
श्यॉन नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आठवतोय का कुणाला? बेल लॅब्ज, २००१ च्या सुमारास दर आठ दिवसांना एक पेपर, काही तर सायन्स नि नेचर या बड्या जर्नलांमध्ये, लोक नोबेलच्या गप्पा मारत होते. २००२ मध्ये कळलं डेटा बनावट. घ्या तुमचं आउटपुट.

आकडेमोडे:
काकू, तेव्हा एच-इंडेक्स जन्मालाच आला नव्हता. आणि तो पकडला कसा गेला? वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमध्ये नॉइज, म्हणजे मोजमापातली बारीक थरथर, अगदी सारखा दिसला म्हणून, म्हणजे लोक त्याचे पेपर बारकाईने वाचत होते म्हणून.

गंजका खिळा:
वाचत होते!! अहो मी दुसरं काय म्हणतोय सकाळपासून?

अर्धवट विद्यार्थी:
मोठ्यांच्यात बोलतो, माफ करा. आमच्याकडे एक पावडर बनवली की एक्सआरडी आणि एसईएमचा (क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या तपासणीचा) एक पेपर, ऑप्टिकलचा दुसरा, मग तीच पावडर वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरमध्ये घालून तिसरा, आणि तिसऱ्यात पहिले दोन सायट. गाइडना विचारलं सगळं एकत्र का नाही टाकत, तर म्हणाले नोकरी पाहिजे ना. यात चूक कुणाची ते मला खरंच ठरवता येत नाही.

खवचट काकू:
गाइडची. पुढे.

गंजका खिळा:
शेख्टमन या शास्त्रज्ञाचं उदाहरण देतो. १९८२ मध्ये ॲल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत त्याला क्वासीक्रिस्टल, म्हणजे अणूंची मांडणी शिस्तीत पण तोच नमुना पुन्हा पुन्हा न येणारे स्फटिक, दिसले, पहिला पेपर परत आला, छापून यायला १९८४ उजाडलं, लायनस पॉलिंगसारखा बडा रसायनशास्त्रज्ञ शेवटपर्यंत विरोधात. नोबेल २०११ ला. मधल्या त्या दोन वर्षांत याचं रेटिंग काय केलं असतं तुमच्या आकड्याने?

आकडेमोडे:
उलटं आहे साहेब. पेपर छापून आल्यावर जगभरच्या लॅब त्याच्यामागे लागल्या, सायटेशन्स धडाधड आल्या. एवढा मोठा पॉलिंग विरोधात असूनही! मोठ्या नावापुढे मोजणीच टिकली. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय. क्रीपवाल्यांना ग्राफीनवाल्यांशी नाही तर क्रीपवाल्यांशीच ताडून बघा, एवढी दुरुस्ती मी मान्य करतो. आकडा फेकून द्या, हे नाही.

गंजका खिळा:
ही दुरुस्ती समितीत कुणी बोललं असतं तर हा धागा काढलाच नसता.

अर्धवट विद्यार्थी:
तुम्ही होतात ना समितीत?

गंजका खिळा:
...होतो. बोललो, पण तिघं बाद झाल्यावर.

खवचट काकू:
आणि जागा कुणाला?

गंजका खिळा:
पेरोव्हस्काइटवाल्याला. नंतर घरी येऊन त्याचे दोन पेपर वाचले. एक खरंच चांगला आहे.